स्वयंपाकघराची चावी मुलांकडे



धान कापून झाला, मळणी आटोपली, की आपल्या वडशात एक वेगळीच धांदल सुरू होते. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांसमोर गावोगावची पोरं येऊन उभी राहतात. कुणाच्या गावी मंडई, कुणाच्या गावी शंकरपट. तारीख धरायची, कोणतं नाटक आणायचं ते ठरवायचं, विसार द्यायचा, मंडप, तिकिटं, खुर्च्या, पाहुण्यांचं जेवण, पोलिसांची परवानगी. होळीपर्यंत हे चालू असतं. या मंडळांमध्ये सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात. रात्रभराच्या नाटकाचा हिशोब ती सकाळी गावासमोर मांडतात. पैसा कमी पडला तर तोंड लपवायला जागा नसते.

आणि आपल्या मुली? रोवणीच्या दिवसांत आपण पहाटे बांधीवर जातो तेव्हा घर कोण सांभाळतं? नववी-दहावीतली पोरगी भात शिजवते, लहान भावाला शाळेत पोहोचवते, म्हातारीला औषध देते आणि मग स्वतः धावत शाळा गाठते. म्हणजे मंडळ चालवणारा पोरगा आणि घर चालवणारी पोरगी, दोघंही शाळेच्या फाटकाच्या आत शिरली की एकाएकी बिनकामाची होतात. तिथं त्यांना फक्त ऐकायचं असतं. बाकं कुठं ठेवायची, जेवायला काय शिजवायचं, सहल कुठं न्यायची, कोणत्या मुलीला कसला त्रास होतो, यातलं काहीच त्यांना कुणी विचारत नाही. बऱ्याच शाळांत भिंतीवर 'शालेय मंत्रिमंडळ' असा फलक असतो. आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री अशी रंगानं नावं लिहिलेली असतात. जूनमध्ये नावं लिहिली जातात, आणि पुढच्या जूनमध्ये पुसून नवी लिहितात. मधल्या काळात त्या मंत्र्यांनी काय केलं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

आज मला त्या फलकामागची गोष्ट सांगायची आहे. कारण मुलांनी शाळा चालवायची ही कल्पना परदेशातून आलेली नाही, आणि ती नेहमी अशी फलकापुरतीही नव्हती. आपल्या विदर्भात, वर्ध्याजवळ, एका शाळेत मुलांच्या हातात खरोखरच स्वयंपाकघर होतं.

त्याआधी थोडं आपल्याच जंगलाकडे पाहू. गोंड आणि माडिया गावांमधलं गोटूल तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या बस्तरमधल्या मुरिया लोकांच्या गोटूलावर वेरिअर एल्विन यांनी १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला. तिथं मुलांना चेलिक आणि मुलींना मोटियारी म्हणत. मुलांचा प्रमुख वेगळा आणि मुलींची प्रमुख वेगळी. त्या मुलीला बेलोसा म्हणत. प्रत्येकाला पदाचं नाव आणि त्या नावाबरोबर काम असे. सरपण आणणं, अंगण झाडणं, कोण आलं कोण नाही ते पाहणं, काम चुकवणाऱ्याला दंड करणं. मोठी माणसं त्यात सहसा पडत नसत. आपल्या जिल्ह्यातलं गोटूल बस्तरसारखं हुबेहूब नाही. इथं ते गावाच्या बैठकीची, पाहुण्यांची जागा म्हणून जास्त ओळखलं जातं. बाहेरच्यांनी गोटूलाबद्दल नको त्या गोष्टी फार चघळल्या. पण तरुण पोरापोरींनी आपापसांत काम वाटून घ्यायचं, नियम करायचे आणि ते पाळायचे, ही गोष्ट आपल्याकडे शाळेपेक्षा जुनी आहे, इतकंच मला सांगायचं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं ऐंशीच्या दशकात आपलं गोटूल पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा लाकडावरून वनखात्याशी वाद झाला आणि ते बांधकाम पाडलं गेलं. मग आसपासच्या कित्येक गावांनी आपापली गोटुलं उभारली. पुढे त्याच मेंढ्यानं अभ्यासगट चालवले, सगळ्यांच्या सहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही असं ठरवलं आणि २००९ साली गावाच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तो इतिहास स्वतंत्र आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

आता स्वयंपाकघराकडे येऊ.

१९१५ चा मार्च महिना. गांधीजी आफ्रिकेहून नुकतेच परतले होते आणि बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतन शाळेत उतरले होते. तिथं पगारी आचारी स्वयंपाक करत. गांधीजींनी शिक्षकांना आणि मुलांना विचारलं, की हे काम तुम्हीच का करत नाही? काही शिक्षक कुरकुरले. मुलं मात्र तयार झाली. नवं काही करायला मिळालं की पोरं तयारच असतात, ते सर्वत्र सारखंच. रवींद्रनाथांना विचारलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही, उलट यातच स्वराज्याची किल्ली आहे असा अर्थ काढला. सव्वाशे मुलं. कुणी भाजी चिरतंय, कुणी धान्य निवडतंय, कुणी मोठाली भांडी घासतंय. भांडी घासणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून काहीजण शेजारी बसून सतार वाजवत. हे वाचून मला हसू आलं. आपण रोज घासतो तेव्हा सतार वाजवायला कोण येतं?

तो प्रयोग थोड्याच दिवसांत थांबला. पण आजही दरवर्षी १० मार्चला शांतिनिकेतनात आचारी आणि सफाई कामगारांना सुटी असते आणि त्यांचं काम विद्यार्थी-शिक्षक करतात. वर्षातून एक दिवस. सण म्हणून ठीक आहे. पण एका दिवसाच्या कामातून जबाबदारी येत नाही. जबाबदारी केव्हा येते, तर उद्याही आपल्यालाच शिजवायचं आहे आणि डब्यात तांदूळ संपला आहे, हे कळतं तेव्हा.

महाराष्ट्रात तशी जबाबदारी साताऱ्यात दिसली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असं नाव दिलं गेलं. तिथं महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका पंगतीत जेवत. ही पंगत त्या काळात किती मोठी गोष्ट होती, ते आपल्या आजीला विचारा. स्वयंपाक, लाकूडफाटा, झाडलोट, शेतात काम, सगळं मुलंच करत. पण हे सांगताना भाऊरावांचं नाव सगळे घेतात आणि लक्ष्मीबाईंचं नाव शेवटी येतं. जैन घरात सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा तिनं अंगावरचे दागिने दिले आणि एका वेळी मंगळसूत्रही विकायला काढलं. १९३० साली ती गेली. मुलांनी स्वावलंबी व्हावं म्हणून सुरू झालेल्या त्या घराचा पाया एका बाईच्या सोन्यावर उभा आहे, हे विसरू नये.

आणि आता सेवाग्राम. इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात गांधीजी १९३६ साली राहायला आले. गावात बहुसंख्य दलित वस्ती, रस्ता धड नाही, मलेरिया. १९४० साली त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. दरम्यान १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्यात शिक्षणाची परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. झाकीर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले, त्यांच्याकडे आराखडा करण्याचं काम आलं. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राममध्ये शाळा सुरू झाली. हीच नई तालीम. पुस्तकाच्या भोवती शिक्षण न फिरवता हाताच्या कामाभोवती फिरवायचं: सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई.

ती शाळा प्रत्यक्ष चालवली एका जोडप्यानं. आशादेवी आणि आर्यनायकम. आशादेवी मूळच्या बंगाली, शांतिनिकेतनात शिकवत होत्या. आर्यनायकम सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या जाफन्याचे; ते काही काळ रवींद्रनाथांचे सचिव होते. दोघंही मराठी मुलखाबाहेरची. सगळं सोडून विदर्भातल्या उन्हात आली. आशादेवींना १९५४ साली पद्मश्री मिळाली. १९४२ च्या चळवळीत इथले शिक्षक तुरुंगात गेले आणि शाळेचं काम विस्कळीत झालं. गांधीजी सुटून आल्यावर १९४५ साली नव्यानं मांडणी झाली: शिक्षण सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरतं नाही, जन्मापासून मरणापर्यंत आहे. त्यातच उत्तर बुनियादी हा टप्पा आला. पंधरा ते अठरा वर्षांची मुलंमुली. आजच्या भाषेत आपलं हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेज.

या वयाच्या मुलांकडून अपेक्षा मोठी होती. आपल्या श्रमातून आपलं अन्न आणि आपलं कापड भागवायचं. त्यासाठी शेत, गोठा, चरखा, माग, स्वयंपाकघर यांची व्यवस्था मुलांकडे होती. मुलं आपल्यातून मंत्री निवडत. भोजनमंत्री, सफाईमंत्री, आरोग्यमंत्री. ठरलेल्या मुदतीनंतर आमसभा भरत असे. तिथं मंत्र्यांनी उभं राहून आपल्या कामाचा अहवाल द्यायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. शिक्षकही तिथंच बसलेले असत. मग नवे मंत्री निवडले जात. कालचा मंत्री आज पुन्हा भांडी घासणाऱ्यांच्या टोळीत.

नीट ऐका, कारण इथंच सगळं आहे. आपल्या शाळेतल्या फलकावरच्या मंत्र्यात आणि सेवाग्रामच्या मंत्र्यात तीन गोष्टींचा फरक आहे. एक, त्याच्याकडे खरा माल होता: धान्य, तेल, पैसे. दोन, त्याला सगळ्यांसमोर हिशोब द्यावा लागे. आणि तीन, त्याचं काम चुकलं तर सगळ्यांचं जेवण बिघडे. नुसतं पद मिळालं की पोरगं फुशारतं. पद आणि हिशोब एकत्र मिळाले की ते शहाणं होतं. हा माझा अनुभव बचत गटाचाही आहे. ज्या गटात अध्यक्ष-सचिव दरवर्षी बदलतात आणि वही सगळ्यांसमोर उघडतात, तो गट टिकतो. जिथं वही एकाच घरात राहते, तिथं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

भोजनमंत्र्याला काय काय शिकावं लागत असेल, याचा अंदाज आपल्याला सहज येईल. आपल्यापैकी कितीतरी गट शाळेत पोषण आहार शिजवतात. सहावी ते आठवीच्या एका मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असं सरकारी प्रमाण आहे. समजा साठ मुलं जेवायला आहेत. म्हणजे नऊ किलो तांदूळ, एक किलो आठशे ग्रॅम डाळ, साडेचार किलो भाजी, साडेचारशे ग्रॅम तेल. आज पंधरा मुलं गैरहजर. मग किती? बाजारात वांगी महागली आणि भोपळा स्वस्त झाला, तर त्याच पैशात काय बसवायचं? डाळ कमी पडली तर त्या जागी काय चालेल, लाखोळी की बरबटी? हे सगळं आपल्याला येतं. न शिकता येतं. आता विचार करा, हेच गणित आठवीतल्या मुलीनं फळ्यावर मांडलं, आपल्याशी बोलून मांडलं, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं तर? त्रैराशिक, दशांश, प्रथिनं, बाजारभाव, सगळे धडे एका हंड्यात. सेवाग्रामला हाच विचार होता. तिथं गणित आधी आणि हंडा नंतर असं नव्हतं.

या शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन राहिला. डॉ. अभय बंग. त्यांच्या लहानपणाचा काही काळ सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत गेला. आपल्या त्या शाळेविषयी त्यांनी लिहिलं आहे आणि तिला जादूची शाळा म्हटलं आहे. गोठ्यातल्या गाईंना पाणी किती लागतं, इथून सुरू होऊन मुलं टाक्याच्या घनफळापर्यंत पोहोचत. झाडाखाली बसून झाडाविषयी शिकत. स्वयंपाकघरात राबताना आहाराचं शास्त्र शिकत. पुढे ते डॉक्टर झाले आणि राणीताई बंग यांच्यासह १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. गावातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायांना त्यांनी नवजात बाळ तपासायला, त्याचं वजन आणि ताप मोजायला, श्वास मोजायला शिकवलं. त्या आरोग्यदूतांमुळे बाळं वाचली आणि जगभर ती पद्धत गेली. मला यात एक धागा दिसतो. ज्याला लहानपणी स्वयंपाकघराचा हिशोब विश्वासानं दिला गेला, त्याला मोठेपणी बाईच्या हातात इंजेक्शन द्यायला भीती वाटली नसावी. हा माझा तर्क आहे, तुम्हाला पटला तर घ्या.

सेवाग्राममधली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथं पोळ्या मुलंही लाटत आणि संडास मुलंमुली दोघंही साफ करत. मैल्याचं खत करणं हा अभ्यासाचाच भाग होता. जातीवर आणि बाईपणावर एकाच वेळी झाडू फिरत होता. आपल्या आजच्या कित्येक शाळांत मात्र पाहुणे आले की रांगोळी मुली काढतात, चहा मुली देतात आणि खुर्चीवर बसून आभार मुलगा मानतो. मंत्रिमंडळात मुलीला बहुधा सांस्कृतिक खातं मिळतं. तिला भोजन किंवा वित्त द्या, म्हणजे पहा.

मग इतकं चांगलं होतं तर बंद का पडलं? हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा.

एक कारण सरळ आहे. उत्तर बुनियादीच्या शिक्षणाला बाहेर किंमत मिळाली नाही. कॉलेजात जायचं तर मॅट्रिकचा दाखला लागे, नोकरीला तोच दाखला लागे. सरकारनं बुनियादी शाळा काढल्या, पण त्यात मुलांचा कारभार गेला आणि नुसती टकळी उरली. मास्तर म्हणाले काता, पोरांनी कातलं. आमसभा नाही, हिशोब नाही, प्रश्न नाही. अशा कामाला कोण शिक्षण म्हणेल?

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि त्यात पालकांची चूक नाही. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या हातानंच राबणं होतं, त्यांना वाटलं, पोराला शाळेत पाठवलं ते या राबण्यातून सुटण्यासाठी. तिथंही कुदळच का? शहरातल्या साहेबाचं पोर इंग्रजी शिकतं आणि आमचं पोर सूत काततं, हा कुठला न्याय? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली. लोकांनी तिच्यावर जातीची शाळा म्हणून हल्ला चढवला. १९५४ साली राजाजींना पद सोडावं लागलं आणि योजना मागे घेतली गेली. लोकांचा राग बरोबर होता. बापाचा धंदा पोरावर लादणं वेगळं, आणि सगळ्या जातींच्या पोरांनी मिळून एक घर चालवणं वेगळं. पण दुरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे कुदळच दिसते. नई तालीमवाल्यांना हा फरक आईबापांपर्यंत नीट पोहोचवता आला नाही, असं मला वाटतं. त्यांनी आईबापांना आमसभेत बोलावलं असतं, विशेषतः आयांना, तर कदाचित वेगळं झालं असतं.

हळूहळू मुलं कमी झाली आणि सेवाग्रामची शाळा थांबली. मग २००५ साली त्याच आवारात आनंद निकेतन नावानं ती पुन्हा सुरू झाली. आता तिथं राज्याचा अभ्यासक्रमही असतो आणि शेती, स्वयंपाक, शिवणकामही असतं. दाखल्याचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवून घेतला, हे शहाणपण.

बाहेरच्या जगातही अशा शाळा झाल्या. इंग्लंडमध्ये समरहिल नावाची शाळा आहे, नील नावाच्या शिक्षकानं १९२१ साली सुरू केलेली. तिथं शाळेच्या सभेत सहा वर्षांच्या मुलाचं आणि मुख्याध्यापकाचं मत सारखं मोजलं जातं. सरकारनं ती बंद करण्याची नोटीस काढली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. २००० साली लंडनच्या न्यायालयात सरकारनं तडजोड देऊ केली. ती मान्य करायची की नाही, हे मुलांनी त्याच न्यायालयाच्या दालनात आपली शाळासभा भरवून ठरवलं. पैसेवाल्यांची, फी घेणारी शाळा आहे ती, आपल्याशी तिची तुलना नको. पण न्यायालयात सभा भरवणारी ती पोरं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आपली पोरंही काही कमी नाहीत. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलंमुली आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात, हे तुम्हाला माहीतच आहे. कुणाची पोरगी सहावीपासून बाहेर आहे. २०१८ साली सरकारनं आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या बँक खात्यात द्यायचं ठरवलं. जुलै महिन्यात मुलंमुली त्याविरोधात पुण्याहून नाशिकच्या दिशेनं पायी निघाली. पैसे नकोत, वसतिगृहात जेवण द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी म्हणालं, पैसे हातात मिळतात तर घ्यायचे ना. पण खात्यात पैसे येणं आणि स्वयंपाकघर आपलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पोरांना कळत होतं. एकेकट्यानं शहरात डबा शोधायचा की पन्नास जणांनी मिळून एक चूल चालवायची? खानावळ कंत्राटदाराची, नाहीतर पैसे खात्यात, असे दोनच पर्याय त्यांच्यासमोर ठेवले गेले. खानावळ मुलांच्या समितीनं चालवायची, हा तिसरा पर्याय सेवाग्रामला आणि साताऱ्याला होऊन गेला होता. तो कुणाला आठवला नाही.

आता कायद्याचं सांगते, कारण ते आपल्या हातातलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य बाया हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं, आलेल्या पैशाचा वापर पाहणं ही समितीची कामं. आणि आपल्या राज्यात त्या समितीत दोन विद्यार्थीही घ्यायचे असतात, त्यात एक तरी मुलगी. त्यांना मत नसतं, पण बसायचा आणि बोलायचा अधिकार असतो. किती जणींना हे माहीत होतं? समितीवर तुमचं नाव आहे आणि तुम्हाला ते सहीच्या वेळी कळलं, असंही झालं असेल. मग त्या दोन मुलांना तरी कोण कळवणार?

मी हे का सांगते आहे, तर मुलांच्या बोलण्याला सगळ्यात आधी कान आपले लागतात. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही, हे मुलगी सरांना सांगणार नाही. समितीत चार बाया समोर बसल्या असतील तर सांगेल. वसतिगृहात रात्री दिवा नसतो, वरणात पाणी जास्त असतं, अमुक वाटेवर पोरं छेडतात, या गोष्टी अहवालात कधी येत नाहीत. त्या आमसभेत येतात, आणि तिथंही मुलांना खात्री हवी की बोलल्याबद्दल मार पडणार नाही, परीक्षेत गुण कापले जाणार नाहीत. मोठ्यांनी हे वचन आधी द्यायचं. सेवाग्रामला शिक्षक आमसभेत खाली बसत, मुलांच्या बरोबरीनं. ते दिसायला साधं वाटतं. वर्गात खुर्चीवर बसणाऱ्याला खाली बसणं किती जड जातं, ते कुणा गुरुजींना विचारून पहा. आणि घरी आपल्याही सासूला, आपल्यालाही.

सुरुवात कुठून करायची, असं एका गटातल्या बायांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, मोठं काही नको. ज्या गटाकडे पोषण आहाराचं काम आहे त्यांनी दर शनिवारी दोन मुलांना, एक मुलगा आणि एक मुलगी, तांदळाच्या कोठीपाशी बोलवावं. शिल्लक मोजायला सांगावी. ती फळ्यावर लिहायला सांगावी. पुढच्या शनिवारी दुसरी दोन मुलं. मुलांनी तूट दाखवली तर रागवायचं नाही. यात गटाची थोडी पंचाईत होईल, हे मलाही कळतं. कोठीत कधी उंदीर खातात, कधी तांदूळ उशिरा येतो आणि उसना घ्यावा लागतो. ते मुलांना सांगावं, खरं काय ते सांगावं. तेवढ्यानं मुलगी विचारू लागते, की तांदूळ येतो कुठून, उशीर का होतो, पत्र कुणाला लिहायचं. दहावीतली मुलं असतील तर पत्रही तीच लिहितील, आपल्यापेक्षा चांगलं लिहितील.

आणि एक छोटी गोष्ट. समितीची बैठक बहुधा दुपारी बाराला ठेवतात. त्या वेळी आपण बांधीत असतो आणि ती दोन मुलं वर्गात असतात. पुढच्या बैठकीची नोटीस आली की आधी वेळ पाहा. संध्याकाळी पाचची मागा, शाळा सुटल्यावरची. रोवणी चालू असेल तर सहाची.